विशेषणांकडून क्रियापदांकडे: व्यक्तिरेखा आणि आशयसूत्र यांचे विश्लेषण कसे करावे

साहित्यकृतीवरची उत्तरे वाचताना एका प्रकारचे वाक्य वारंवार भेटते: ‘नायिका अत्यंत स्वाभिमानी, सोशिक आणि प्रेमळ आहे.’ हे वाक्य चुकीचेच असते असे नाही. अडचण एवढीच, की ते शेकडो नायिकांना चपखल बसते, आणि जे सगळ्यांना बसते ते हातातल्या कृतीबद्दल काहीच सांगत नाही. आशयसूत्राचीही तीच गत होते. ‘या नाटकाचा विषय स्त्रीस्वातंत्र्य आहे’ एवढे लिहून थांबणारा विद्यार्थी दारावरची पाटी वाचून परत फिरलेला असतो. येथे जी रीत सुचवली आहे, तिचा गाभा व्याकरणाच्या भाषेत सांगता येतो: विशेषणे मागे ठेवावीत आणि क्रियापदे शोधावीत. पात्र कसे आहे हे ठरवण्याआधी ते काय करते, काय टाळते आणि काय लपवते हे पाहावे. कृती कशाविषयी आहे एवढ्यावर न थांबता ती त्या विषयाचे काय करते हे पाहावे.

उदाहरणांसाठी मुख्यतः दोन नाटके घेतली आहेत: नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेन यांचे ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) आणि १९६७ साली रंगभूमीवर आलेले विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. दोन्ही नाटकांवर इतके लिहिले गेले आहे, की विद्यार्थ्याच्या मनात त्यांच्याविषयीची विशेषणे संहिता उघडण्यापूर्वीच तयार असतात. म्हणूनच ती या सरावाला सोयीची आहेत.

आधी वाचन, मग वही

पहिले वाचन पेन्सिलीशिवाय करावे. कृती एक अनुभव म्हणून अंगावर येऊ द्यावी आणि वाचून संपल्यावर फक्त एवढेच टिपून ठेवावे, की आपण कोठे अडखळलो, कोठे हसू आले, कोणाचा राग आला आणि कोणती गोष्ट कळलीच नाही. न कळलेल्या गोष्टींची यादी लाज वाटून फाडून टाकू नये, कारण चांगल्या निबंधाचा विषय बहुधा त्याच यादीतून निघतो.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढावी. डाव्या बाजूला संहितेत जे प्रत्यक्ष घडते किंवा बोलले जाते तेवढेच, अंक किंवा पान क्रमांकासह लिहावे; उजव्या बाजूला त्यावरून मनात उठलेला प्रश्न लिहावा. डाव्या बाजूला मत लिहायचे नाही, हा नियम कडकपणे पाळावा. उदाहरणार्थ, इब्सेनच्या नाटकाच्या आरंभी नोरा नाताळची खरेदी करून घरी येते, झाड वाहून आणणाऱ्या हमालाने पन्नास ओरे मागितल्यावर त्याला एक क्रोन, म्हणजे बरोबर दुप्पट रक्कम देते, उरलेले पैसे ठेवून घ्यायला सांगते, मग खिशातली मॅकरून खाते आणि नवऱ्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन कानोसा घेते. डाव्या बाजूला हे एवढेच यावे. ज्याने तेथे ‘नोरा उधळी आहे’ असे लिहिले, त्याची पुढे पंचाईत होते; कारण हीच नोरा नवऱ्याच्या आजारपणासाठी गुपचूप काढलेले कर्ज फेडण्याकरिता वर्षानुवर्षे स्वतःच्या कपड्यांच्या पैशांतून बचत करत आली आहे आणि रात्री जागून नकला उतरवण्याचे काम करत आली आहे, हे पहिल्याच अंकात उघड होते. आता तो विद्यार्थी एक तर आपले मत खोडेल, किंवा (अधिक वेळा असेच घडते) पुरावाच मतात कोंबू लागेल. ज्याने उजवीकडे ‘दुप्पट पैसे का दिले? खाऊ लपवायचा कोणापासून?’ असे प्रश्न लिहिले, त्याला मात्र नव्या माहितीने उत्तराकडे नेलेले असते.

पात्राला काय हवे आहे?

व्यक्तिरेखेचे विश्लेषण सुरू करायला याहून चांगला प्रश्न मला ठाऊक नाही. तो मुळात नटांचा प्रश्न आहे. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी आपल्या अभिनयपद्धतीत नटाला प्रत्येक प्रसंगातले पात्राचे उद्दिष्ट शोधायला लावले आणि ही छोटी उद्दिष्टे ज्या एका मोठ्या उद्दिष्टाकडे वाहतात त्याचाही शोध घ्यायला लावला. वाचणाऱ्याने हीच पद्धत उचलावी. प्रत्येक प्रवेशासाठी चार गोष्टी लिहाव्यात: पात्राला या क्षणी काय हवे आहे, आड काय येते, ते मिळवण्यासाठी ते कोणती युक्ती वापरते, आणि त्याची काय किंमत मोजते. असे आठ-दहा प्रवेश लिहून झाले, की हव्याशा गोष्टी कोठे बदलल्या ते आपोआप दिसते, आणि तो बदलाचा बिंदू हाच बहुतेक वेळा व्यक्तिरेखेचा कणा असतो.

नोराला वरवर पाहता आपले गुपित फुटू नये असे वाटते. परंतु त्याच्या तळाशी आणखी एक अपेक्षा आहे: गुपित फुटलेच तर एक चमत्कार घडेल, आपला नवरा पुढे येईल आणि सगळा दोष स्वतःच्या शिरावर घेईल. या दोन इच्छा एकमेकींच्या विरोधात आहेत, आणि नाटकाचा ताण त्या विरोधातून निर्माण होतो. तिसऱ्या अंकात तिचा नवरा हेल्मर ते गुपित फोडणारे पत्र वाचतो, संतापतो, तिला मुलांना वाढवायला नालायक ठरवतो. तेवढ्यात कर्जरोखा परत करणारे दुसरे पत्र येते आणि तो आनंदाने ओरडतो, की मी वाचलो. ‘आपण’ नव्हे, ‘मी’. नोरा विचारते, आणि मी? एका सर्वनामाने आठ वर्षांच्या संसाराचा ताळेबंद मांडला आहे. अशा जागी थांबावे, पुन्हा वाचावे आणि वहीत चौकट काढून ठेवावी. येथे निबंधाचा एक पूर्ण परिच्छेद दडलेला असतो.

पात्राविषयीची माहिती आपल्याला चार वाटांनी मिळते: ते स्वतः बोलते त्यातून, ते करते त्यातून, इतर पात्रे त्याच्याविषयी बोलतात त्यातून, आणि निवेदक किंवा रंगसूचना जे सांगतात त्यातून. या चारही वाटांचे वजन सारखे धरणे ही विद्यार्थ्यांकडून होणारी सर्वांत मोठी चूक आहे. नाटकात एक पात्र दुसऱ्याविषयी जे बोलते ती साक्ष असते, आणि प्रत्येक साक्षीदाराचा काही ना काही हितसंबंध असतो. ‘शांतता!’च्या आरंभी नायिका लीला बेणारे गावातल्या भोळ्या सामंताला आपल्या नाटकमंडळीची ओळख करून देते, आणि एकेकाची थट्टा करत त्यांच्या आयुष्यातली अपयशे उघडी पाडते. बरेच जण ही ओळख जशीच्या तशी ‘पात्रपरिचय’ म्हणून उतरवून घेतात. तिच्यातून मंडळी कळतात हे खरे. परंतु स्वतः बेणारेही कळते: तिची जीभ, तिचा आनंदी आक्रमकपणा, या माणसांत राहूनही त्यांच्यापासून सुटे राहण्याची तिची धडपड. आणि ज्यांची अपयशे तिने चेष्टेवारी नेली, तेच पुढे एका लुटुपुटीच्या खटल्यात वकील, न्यायाधीश आणि साक्षीदार होऊन तिच्यासमोर बसणार आहेत, हेही लक्षात ठेवावे लागते. एकाच संवादातून दोन्ही बाजूंची साक्ष काढता आली पाहिजे.

दुय्यम पात्रांना ‘इतर पात्रे’ या मथळ्याखाली दोन-दोन ओळींत गुंडाळू नये. लेखकाने ती कशासाठी आणली आहेत, हे मुख्य पात्राशेजारी उभे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. इब्सेनच्या नाटकात एक घर मोडत असतानाच नोराची मैत्रीण मिसेस लिंडे आणि नोराला कर्ज देणारा क्रोगस्टाड ही परिस्थितीने पोळलेली दोन माणसे एकमेकांना सगळे खरे सांगून एकत्र येतात. म्हणजे लेखक विवाहाला सरसकट मोडीत काढतो आहे, असे म्हणण्याआधी या जोडीचा हिशेब द्यावा लागतो. रंगमंचावर कधीच न येणारी पात्रेही तपासावीत. ज्याच्याशी असलेल्या संबंधांबद्दल बेणारेवर आरोपांची सरबत्ती होते, तो प्राध्यापक दामले प्रेक्षकाला एकदाही दिसत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी स्त्री आणि पुरुषाची जागा रिकामी, ही मांडणीच एक विधान आहे.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली सपाट (एकाच गुणाभोवती घडवलेली) आणि गोल (अनेकपदरी) अशी पात्रांची विभागणी सुचवली, आणि तेव्हापासून ती वर्गावर्गांत गिरवली जाते. ती वापरायला हरकत नाही. फक्त ‘सपाट’ ही शिवी नव्हे. एकाच लकबीभोवती घडवलेले पात्र त्या जागी नेमके तसेच हवे असू शकते.

कथा-कादंबरीत सांगणारा कोण?

नाटकात नसणारा एक मध्यस्थ कथा-कादंबरीत असतो, तो म्हणजे निवेदक. तो कोण आहे, घटना घडून किती काळ लोटल्यावर बोलतो आहे, आणि त्याला काय ठाऊक असणे शक्यच नाही, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. प्रथमपुरुषी निवेदक स्वतःची बाजू मांडत असतो, तेव्हा त्याने वगळलेल्या गोष्टीही नोंदवाव्यात. तृतीयपुरुषी निवेदनात एक सूक्ष्म जागा असते. ‘ती दारात थबकली. आता पुन्हा तोच प्रश्न विचारणार की काय हा माणूस!’ या दोन वाक्यांपैकी पहिले निवेदकाचे आहे, दुसरे मात्र अवतरणचिन्ह नसतानाही तिचे आहे. निवेदकाच्या आवाजात पात्राचे मन असे मिसळते तेव्हा लेखक आपल्याला कोणाच्या जवळ बसवतो आहे हे कळते. आणि कादंबरीभर एकाच पात्राला हा लाभ मिळाला असेल, तर बाकीच्यांविषयीची आपली मते त्या एका पात्राकडून उसनी घेतलेली आहेत, याचे भान ठेवावे.

विषयापासून आशयसूत्रापर्यंत

विषय हा शब्द असतो. आशयसूत्र हे वाक्य असते. ‘सत्ता’, ‘एकाकीपणा’, ‘ढोंग’ हे विषय झाले. या शब्दापासून वाक्यापर्यंत उडी मारू नये, मध्ये प्रश्नाची पायरी ठेवावी. ‘शांतता!’चा विषय मध्यमवर्गीय ढोंग आहे, असे समजू. आता कृतीतूनच प्रश्न काढावा: वेळ घालवण्यासाठी, एका नवख्याला कोर्टाचे कामकाज समजावे म्हणून सुरू झालेला लुटुपुटीचा खटला खरा नेमका कधी होतो, आणि तो थांबवणे शक्य असताना कोणीच का थांबवत नाही? या प्रश्नाचा माग काढत गेल्यावर असे काही विधान हाती येते: ‘स्वतःच्या अपयशाशी सामना करू न शकलेली माणसे नियमांची भाषा हातात येताच एकीला आरोपी करतात, आणि हा तर खेळच आहे ही सबब त्यांना जबाबदारीतून मोकळे ठेवते.’

विधान मिळाले म्हणजे काम संपले नाही, ते घासून पाहावे लागते. पहिली कसोटी अशी, की एखाद्या समंजस वाचकाला त्याच्याशी असहमत होता आले पाहिजे. ‘ढोंग वाईट असते’ याच्याशी कोण वाद घालणार? दुसरी कसोटी पुराव्याची: आरंभ, मध्य आणि शेवट अशा तिन्ही भागांतून आधार मिळाला पाहिजे, नाहीतर आपण एका गाजलेल्या प्रसंगावर सगळे नाटक टांगले आहे असे समजावे. तिसरी कसोटी सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. आपल्या विधानात न बसणारी जागा मुद्दाम शोधावी. वरच्या विधानात बेणारे केवळ बळी ठरते. परंतु दुसऱ्यांच्या उणिवांवर बोट ठेवून हसण्याचा खेळ तिनेही खेळला आहे. सामंत तर निष्पाप आहे, तरीही त्याने वाचलेल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून पुढे येतो आणि तिच्याविरुद्ध वापरला जातो. मग विधान दुरुस्त करावे लागते: खेळाची ही यंत्रणा क्रूर माणसांवरच चालते असे नाही, भोळी आणि विनोदी माणसेही तिला इंधन पुरवतात. ही दुरुस्ती म्हणजे पहिल्या मताचा पराभव नव्हे. निबंधातले खरे विश्लेषण तेथूनच सुरू होते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या वस्तूंचा पाठलाग करणे हाही आशयसूत्राकडे नेणारा मार्ग आहे. मात्र ‘दार हे स्वातंत्र्याचे प्रतीक आहे’ असे समीकरण मांडून मोकळे होऊ नये. ती वस्तू कोठे कोठे येते, तिच्यावर ताबा कोणाचा असतो आणि दर वेळी काय बदललेले असते, याची नोंद करावी. नोराच्या घरात नवऱ्याच्या खोलीचे बंद दार आहे, ज्या टपालपेटीची किल्ली फक्त हेल्मरकडे आहे ती पेटी आहे, आणि अखेरीस नोरा ज्यातून निघून जाते ते बाहेरचे दार आहे. ‘शांतता!’मधल्या सभागृहाच्या दाराची कडी नीट सरकवली नाही तर ते बाहेरून लागून बसते, ही माहिती सुरुवातीला अगदी व्यवहारातली सूचना म्हणून येते. पुढे बेणारे खटल्यातून निसटू पाहते तेव्हा तेच दार उघडत नाही. प्रेक्षकाला तेथे प्रतीक दिसण्याआधी दार दिसते, आणि त्यातच लेखकाचे कौशल्य आहे.

शेवट हा आशयसूत्राचा सर्वांत कठोर परीक्षक असतो. ज्या मंडळींनी बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला, त्यांचेच कोर्ट अखेर तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते. या विसंगतीला जागा न देणारे कोणतेही विधान अपुरे आहे. इब्सेनच्या बाबतीत तर शेवट बदलल्याने काय होते, याचा प्रत्यक्ष दाखलाच आहे. जर्मनीतल्या प्रयोगासाठी त्यांना नाखुशीने वेगळा शेवट लिहून द्यावा लागला, ज्यात मुलांच्या खोलीच्या दाराशी नेलेली नोरा घर सोडू शकत नाही. आधीचे जवळजवळ सगळे नाटक तेच राहूनही त्याचे म्हणणे उलटते. हाच प्रयोग आपण अभ्यासत असलेल्या कृतीवर मनातल्या मनात करावा: शेवटचे पान वेगळे असते तर माझ्या विधानाचा कोणता भाग कोसळला असता? काहीच कोसळत नसेल, तर ते विधान या कृतीचे नाही.

संहिता आणि प्रयोग

नाटकाच्या विद्यार्थ्याला दोन कृतींचा अभ्यास करायचा असतो, छापील संहिता आणि झालेला प्रयोग, आणि या दोहोंची सरमिसळ करू नये. रशियन नाटककार चेखॉव्ह यांनी आपल्या ‘द चेरी ऑर्चर्ड’ला विनोदी नाटक म्हटले होते, १९०४ साली स्तानिस्लावस्की यांनी ते शोकनाट्य म्हणून उभे केले आणि त्यावर लेखक नाराज झाला. शब्द तेच, आशय वेगळा. म्हणून प्रयोगावर लिहिताना ‘नाटककार दाखवतो’ आणि ‘या प्रयोगात दिसते’ ही दोन वाक्ये जाणीवपूर्वक वेगळी ठेवावीत.

प्रयोग पाहण्यासाठी ‘नाट्यशास्त्रा’तली अभिनयाची चतुर्विध विभागणी आजही उत्तम चौकट पुरवते. आंगिक म्हणजे शरीराच्या हालचाली, वाचिक म्हणजे बोलणे आणि त्याची लय, आहार्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषा आणि बाह्य साज, आणि सात्त्विक म्हणजे मनाच्या अवस्थेतून शरीरावर उमटणारे कंप, रोमांच, अश्रू यांसारखे भाव. ‘अभिनय उत्कृष्ट होता’ या वाक्याऐवजी या चारांपैकी कोणत्या अंगाने कोणत्या क्षणी काय घडवले ते लिहावे. तिसऱ्या अंकात नोरा नृत्यासाठी घातलेला पोशाख उतरवून रोजचे कपडे घालून येते आणि मग नवऱ्यासमोर बसून बोलते. आहार्याचा एवढाच बदल, परंतु पुढच्या संभाषणाचा सगळा सूर त्याने ठरतो. बेणारेला बचावाच्या भाषणासाठी दहा सेकंद दिले जातात आणि तिच्या प्रदीर्घ स्वगताच्या वेळी बाकीची मंडळी जागच्या जागी थिजून राहतात. मग ती खरोखर बोलली, की हे फक्त आपण ऐकले? संहिता येथे मोकळी जागा ठेवते, आणि प्रत्येक दिग्दर्शकाला प्रकाश, अंतर आणि शांतता यांच्या साहाय्याने ती भरावी लागते. समीक्षा करणाऱ्याने ती कशी भरली हे पाहावे.

अंधारात लिहीत बसू नये, प्रयोग निसटतो. संपल्यावर तासाभरात आठवतील ते दहा क्षण, क्रम लागला नाही तरी, लिहून काढावेत आणि त्यानंतर संहिता उघडून कोणत्या ओळी गाळल्या, कोठे अनपेक्षित विराम घेतला, हे ताडून पाहावे.

लिहिताना

प्रत्येक परिच्छेदात एक दावा, त्याचा नेमका पुरावा आणि त्या पुराव्याचे वाचन, या तीन गोष्टी असाव्यात. तिसरी गोष्ट बहुतेक उत्तरांतून गायब असते. अवतरण दिले की मुद्दा सिद्ध झाला, असे गृहीत धरले जाते. ‘हेल्मर हा स्वार्थी नवरा आहे’ या वाक्याऐवजी असे लिहिता येईल: ‘दुसरे पत्र हाती पडताच हेल्मर “मी वाचलो” असे म्हणतो. संकट दोघांवर आलेले असताना सुटकेचा पहिला उद्गार एकवचनी निघतो, आणि नोराने विचारल्यानंतरच तो तिला त्या सुटकेत सामील करून घेतो. ज्या चमत्काराची ती वाट पाहत होती, तो घडणार नाही हे तिला त्याच्या रागाने जेवढे सांगितले, तेवढेच या आनंदानेही सांगितले.’ स्वार्थी हा शब्द कोठेही न वापरता वाचकाला तो कळला आहे.

कथानक सांगण्याचा मोह आवरावा. परीक्षकाने नाटक वाचलेले आहे असे धरून चालावे. कृतीतल्या घटनांसाठी वर्तमानकाळ वापरावा. पात्राचे मत लेखकाच्या तोंडी घालू नये. काळाचा आणि समाजाचा संदर्भ निबंधाच्या आरंभी प्रस्तावना म्हणून ओतण्याऐवजी, जेथे त्याच्यावाचून तपशील कळत नाही तेथे आणावा: नवऱ्याच्या संमतीशिवाय पत्नीला कर्ज काढता येत नाही, ही त्या काळची अट सांगितल्यावाचून नोराने कर्जासाठी केलेल्या वडिलांच्या खोट्या सहीचा पेच समजत नाही, म्हणून ती माहिती त्या सहीच्या परिच्छेदात यावी. मार्गदर्शिका आणि समीक्षालेख जरूर वाचावेत, परंतु आपली वही भरल्यानंतर, कारण दुसऱ्याचे पक्के वाक्य आधी डोक्यात बसले, की आपली कच्ची शंका तोंड उघडत नाही.

निबंधाचा कच्चा खर्डा झाल्यावर त्यातली पात्रांविषयीची सगळी विशेषणे अधोरेखित करावीत. त्याच परिच्छेदात ज्याचा पुरावा नाही ते विशेषण काढून टाकावे; आणि नोराविषयी ‘स्वाभिमानी’ हा शब्द ठेवायचाच असेल, तर तो नाटकाच्या कोणत्या पानापासून खरा ठरतो, तेही त्याच वाक्यात लिहावे.